मोमेंट.जेएस काढायचंय, मग डे.जेएस, डेट-एफएनएस की लक्सन?

प्रोजेक्टमधे मोमेंट (जावास्क्रिप्टमधे तारीख-वेळ हाताळायची जुनी लायब्ररी) आहे, रिव्ह्यूमधे कोणीतरी लिहिलं की हे आता काढा, आणि पर्याय बघायला गेलं तर तीनचार समोर येतात आणि सगळेच चांगले वाटतात, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी हे. मी दोन कोडबेसमधून मोमेंट काढलंय, एकदा डे.जेएसमधे गेलो आणि एकदा लक्सनमधे, त्यामुळे यातलं बरंचसं अंगावर आलेलं सांगतोय.

आधी एक गोष्ट. मोमेंट मेलेलं नाहीये. सप्टेंबर २०२० मधे त्याच्या मेंटेनर लोकांनी स्वतःच सांगितलं की हा आता लेगसी प्रोजेक्ट आहे, नवीन फीचर येणार नाहीत, नवीन कामासाठी दुसरं काहीतरी घ्या. पण २०२२ मधे सिक्युरिटीचे दोन प्रॉब्लेम सापडले तेव्हा २.२९.२ आणि २.२९.४ मधून फिक्स आले. म्हणजे तुमचं एखादं अंतर्गत टूल असेल, बंडलच्या (ब्राउझरकडे जाणाऱ्या एकत्र फाइलच्या) साइझचं कोणाला काही पडलेलं नसेल आणि कोडला वर्षभर कोणी हात लावत नसेल, तर शेवटचं व्हर्जन टाका आणि राहू द्या, खरंच. काढायची खरी कारणं दोन. एक साइझ, सगळे लोकेल (वेगवेगळ्या भाषांच्या फाइल) आत आले तर झिप करूनही ७० केबीच्या आसपास जातं आणि ट्री-शेकिंग (न वापरलेला कोड बंडलमधून गाळणं) होत नाही. दुसरं म्हणजे मोमेंटचा ऑब्जेक्ट म्युटेबल आहे, तारखेवर ॲड केलं की तीच तारीख बदलते, आणि ती तारीख अजून तीन ठिकाणी वापरलेली असेल तर तिथेही बदलते. मोमेंट २०११ चं आहे, तेव्हा हे चालून जायचं.

आता डे.जेएस. पहिली नजर सगळ्यांची इथेच जाते कारण एपीआय (फंक्शनची नावं आणि वापरायची पद्धत) जवळपास मोमेंटसारखंच आणि साइझ फक्त २ केबी. इंपोर्ट बदलला की झालं असं वाटतं. मलाही वाटलं होतं. सबस्क्रिप्शन संपायची तारीख काढणारं एक फंक्शन होतं, त्यात एका ओळीवर नुसतं "तारीख डॉट ॲड, ३०, डेज" असं लिहिलेलं, रिझल्ट कुठेच ठेवलेला नाही, कारण मोमेंटमधे ठेवायची गरजच नव्हती. डे.जेएस इम्युटेबल आहे, ते नवीन ऑब्जेक्ट परत देतं आणि जुना तसाच सोडतं. ती ओळ चालली, एरर आली नाही, कन्सोलवर काही नाही, आणि सबस्क्रिप्शन ज्या दिवशी सुरू त्याच दिवशी संपलेलं दिसायला लागलं. त्या फंक्शनला टेस्ट नव्हती ही चूक आमचीच, पण मुद्दा असा की कोड दिसतो सारखा आणि वागतो वेगळा, आणि हे सगळ्यात धोक्याचं कॉम्बिनेशन आहे.

प्लगइनचंही तसंच. फॉरमॅट देऊन स्ट्रिंग पार्स करायची, म्हणजे तिच्यातून तारीख वाचायची असेल तर कस्टम-पार्स-फॉरमॅट नावाचा प्लगइन लागतो, तो जोडायला विसरलात तर तुम्ही दिलेला फॉरमॅट गुपचूप बाजूला पडतो आणि तारीख आपल्या परीने वाचली जाते, ५ मार्च आहे की ३ मे हा घोळ इथेच होतो. टाइमझोनला प्लगइन, यूटीसीला (जगाच्या प्रमाण वेळेला) प्लगइन, "३ दिवसांपूर्वी" दाखवायला पण प्लगइन. ते २ केबी प्लगइन धरून नाहीत हे लक्षात ठेवा.

डेट-एफएनएस पूर्ण वेगळ्या वळणाचं. वेगळा ऑब्जेक्टच नाही, जावास्क्रिप्टची साधी डेट आत द्यायची आणि नवीन डेट बाहेर. जेवढी फंक्शन वापराल तेवढीच बंडलमधे येतात. ज्या ॲपमधे फक्त तारीख दाखवणं आणि दिवस मिळवणं-वजा करणं एवढंच आहे तिथे मी हेच घेईन. फॉरमॅटची अक्षरं मात्र बदलतात, मोमेंटमधलं कॅपिटल डीडी आणि कॅपिटल वायवायवायवाय इथे स्मॉल होतं, पण जुनं तसंच ठेवलं तर ते सरळ एरर फेकतं, आणि मला हे आवडतं. टाइमझोनचा नीट सपोर्ट २०२४ च्या ४ व्या व्हर्जनपासून आला, त्याआधी वेगळं पॅकेज लागायचं.

एक ठिकाण जपा. मोमेंटला वेळ नसलेली नुसती "२०२४-०३-१५" अशी स्ट्रिंग दिली की ती लोकल तारीख धरली जाते. तीच स्ट्रिंग साध्या न्यू डेटला दिली की यूटीसीची मध्यरात्र होते, म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेकडच्या युजरला १४ तारीख दिसते! डेट-एफएनएसवर जाताना लोक हमखास न्यू डेट लिहितात, तिथे पार्स-आयएसओ लिहा.

लक्सन हे मोमेंटच्याच एका मेंटेनरने सुरू केलेलं. साइझमधे काही हलकं नाही, डे.जेएसच्या कितीतरी पट मोठं आहे. पण टाइमझोनचा डेटा सोबत वाहून न नेता ब्राउझरमधे आधीच असलेल्या इंटल या सोयीकडून घेतं, त्यामुळे मोमेंट-टाइमझोनसारखी डेटाची वेगळी फाइल सांभाळावी लागत नाही. आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट, इथे ॲडच्या जागी प्लस आहे, फॉरमॅटच्या जागी टू-फॉरमॅट आहे, म्हणजे या दोन्हींची जुनी ओळ चुकून राहिली तर चालतच नाही, तिथल्या तिथे एरर. काम डे.जेएसपेक्षा जास्त पडलं, प्रत्येक ओळीला हात लावावा लागला, पण नंतर युजरकडून एकही तक्रार आली नाही. फक्त महिना बघा, मोमेंटमधे जानेवारी शून्य आहे आणि लक्सनमधे एक, जुन्या कोडमधलं "अधिक एक" काढायला विसरू नका.

म्हणून माझं मत, वेगवेगळ्या टाइमझोनमधल्या मीटिंग, बुकिंग, शिफ्ट असलं काही असेल तर लक्सन. बाकी ठिकाणी डेट-एफएनएस. डे.जेएस तेव्हाच जेव्हा कोड प्रचंड आहे, सगळ्या ओळी बदलायला वेळ नाही आणि टेस्ट भरवशाच्या आहेत. टेस्ट नसतील तर डे.जेएसला हात लावू नका, हे अगदी मनापासून सांगतोय.

टेम्पोरलसाठी थांबू का असंही विचारतात. ते तारीख-वेळेसाठीचं नवं एपीआय जावास्क्रिप्टमधेच येतंय, मे २०२५ मधे फायरफॉक्स १३९ मधे आलं, आणि त्यात नुसती तारीख आणि टाइमझोनसकट वेळ असे वेगळे टाइप आहेत, त्यामुळे जन्मतारीख एक दिवस मागे सरकणं हा प्रकारच संपतो. पण जुने ब्राउझर सांभाळायचे तर पॉलिफिल (नसलेली सोय भरून काढणारा जादा कोड) लागतं आणि मग साइझचा फायदा गेला. प्रोजेक्ट आता सुरू करत असाल तर जरूर बघा, जुनं काढायचंय आणि डेडलाइन आहे तर थांबू नका.

काहीही घेतलंत तरी मोमेंट काढायच्या आधी, मोमेंट असतानाच, टेस्ट लिहा आणि त्याचे रिझल्ट जपून ठेवा: ३१ जानेवारी अधिक एक महिना, २९ फेब्रुवारी अधिक एक वर्ष, घड्याळ पुढे-मागे होतं ती रात्र, वेळ नसलेली तारीख, आणि पूर्ण रिकामी स्ट्रिंग. मग कोडमधे सर्च मारून ॲड, सबट्रॅक्ट, सेट, स्टार्ट-ऑफ आणि एंड-ऑफ जिथे जिथे एकटे उभे आहेत आणि ज्यांचा रिझल्ट कुठेच ठेवलेला नाही त्या ओळी आधी दुरुस्त करा, आमच्याकडे अशा एकोणीस निघाल्या.