फ्रीस्टाइल लिब्रे: दंडावरचा सेन्सर आणि ताटातले जेवण

एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) 6.1 टक्के, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेतले आल्यामुळे, डॉक्टरांच्या सल्ल्याने मी ॲबट कंपनीचा पहिल्या पिढीचा, अंगावर राहून साखर मोजणारा ‘फ्रीस्टाइल लिब्रे’ सेन्सर वापरला. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटणारी ही चकती दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी असून तिचा बारीक, लवचीक तंतू कातडीखाली सुमारे 5 मिलिमीटर जातो. लावताना किंचित टोचते, नंतर ती दंडावर आहे याचाही विसर पडतो. 14 दिवस ती अंगावर ठेवून अंघोळही करता येते. मोबाइल जवळ नेला की चालू आकडा आणि मागच्या आठ तासांचा आलेख दिसतो; त्याहून जास्त खंड पडला तर मधली नोंद हातची जाते, म्हणून झोपण्याआधी आणि उठल्याबरोबर मोबाइल लावण्याची सवय करावी लागते.

हा सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे साखर वेगाने चढत-उतरत असताना त्याचा आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे राहतो. त्याच दंडावर झोपल्यास रात्री साखर खोटीच कमी दिसू शकते, तर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने आकडा खोटाच वाढू शकतो. शंका आल्यास बोट टोचून पाहणे हाच उपाय आहे.

खरा उपयोग झाला तो ताटाच्या बाबतीत. उपवासाच्या साबुदाणा खिचडीने माझी साखर जितकी चढली, तितकी पुरणपोळीनेही चढली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात अन्नातले तंतू (फायबर) आणि प्रथिने नाममात्र, आणि मूठभर दाण्याच्या कुटाने तो तोल सावरत नाही. याउलट आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, आणि भात शेवटी, असा क्रम ठेवला तेव्हा त्याच जेवणाचा चढ स्पष्ट कमी झाला, कारण तंतू आणि प्रथिने पोटात आधी गेल्याने पिष्टाचे पचन आणि शोषण मंदावते. जेवल्यावर शतपावली खरोखर वीस मिनिटे केली, तर चालणारे स्नायू साखर वापरतात आणि रेषा लवकर खाली येते. हे पूर्वी ऐकलेले होते, पण स्वतःच्या आलेखावर पाहिल्यावर टाळणे अवघड गेले.

मात्र सपाट रेषा म्हणजे आरोग्य, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. बटाटेवड्यातले तेल जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते, त्यामुळे उकडलेल्या बटाट्यापेक्षा वडा आलेखावर सोज्वळ दिसू शकतो. उष्मांक, मीठ, कोलेस्टेरॉल यांतले काहीही या चकतीला कळत नाही. निरोगी माणसाचीही साखर जेवणानंतर तासभर 140 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर जाऊ शकते. अशा एखाद्या शिखराला घाबरून पोळी सोडणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना हे यंत्र विकणाऱ्या जाहिराती मला बेजबाबदार वाटतात.

सेन्सर वाचणाऱ्या मोबाइलवरच्या लिब्रेलिंक ॲपमध्ये जेवण आणि व्यायाम यांच्या टिपा लिहिण्याची सोय आहे. त्या न लिहिल्यास आलेखाचा अर्थ लागत नाही. एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात, त्यामुळे मधुमेहपूर्व अवस्थेतल्या व्यक्तीने तो सतत लावण्याची गरज नाही. रोजचा आहार बदलण्याआधी एक आणि बदल अंगवळणी पडल्यावर एक, एवढे मला पुरेसे वाटते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र पहिल्या पिढीचा सेन्सर घेऊ नये. साखर धोक्याच्या पातळीखाली गेल्यास तो आपणहून इशारा देत नाही; ती सोय पुढच्या पिढीच्या लिब्रे 2 मध्ये आहे.