तीन माणसांचा तंबू, दोन माणसं, एक पावसाळा: सहा महिन्यांनंतर

मे अखेरीला तंबू घेतला, आता दिवाळी होऊन गेली. मधल्या काळात त्यात नऊ रात्री काढल्या, त्यातल्या सात पावसात. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते आणि भोरजवळच्या रायरेश्वरच्या पठारावरून उतरल्यावर लिहिलं असतं तर एक. म्हणून थांबलो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतले तंबू साधारण एकाच घडणीचे असतात, त्यामुळे जे सांगतोय ते तुमच्या तंबूलाही बरंचसं लागू पडेल. घुमटाच्या आकाराचा, आत जाळीचा इनर, म्हणजे झोपायचा आतला तंबू, आणि वर वेगळा फ्लाय, म्हणजे पाऊस अडवणारं बाहेरचं कापड, फायबरग्लासचे दोन पोल, चौदा खुंट्या. किंमत साडेसात हजार. पिशवीवर वजन ३.५ किलो छापलंय, घरच्या काट्यावर ३.९ भरलं. 'तीन माणसांचा' हे सहा आसनी रिक्षात दहा बसतात त्या हिशोबाने खरं आहे. मी, बारा वर्षांचा मुलगा आणि दोन सॅक एवढ्यात तो भरतो.

फ्लायवर ३००० मिमी लिहिलेलं असतं. याचा अर्थ दुकानातल्या पोरालाही सांगता आला नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर तो ३००० मिमी, म्हणजे तीन मीटर उंच होईपर्यंत पाणी आरपार येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सह्याद्रीतल्या पावसाला हे पुरतं. पण तळाच्या कापडाला हाच आकडा कमी पडू शकतो, कारण तिथे आपण गुडघे आणि कोपरं टेकतो आणि तेवढ्या जागेवर दाब बराच येतो. घेताना तळाचा आकडा वेगळा विचारा.

आता रायरेश्वर. जुलैचा दुसरा शनिवार. स्वारगेटवरून भोरची एसटी, भोरहून वडाप, पुढे चालत. शिडीपाशी पोहोचलो तेव्हा पायऱ्यांवरून पाणी ओघळत होतं आणि वाऱ्याने सॅकचं रेनकव्हर शिडासारखं फुगत होतं. पोरगा पुढे, मी मागे. वर गेल्यावर केंजळगड दिसेल, हवा असेल तर राजगड-तोरणाही दिसतील, असं मी आठवडाभर सांगत होतो. दिसले ते स्वतःचे बूट. पठारावर धुकं असं की दहा पावलांवरचं घर आधी धुराच्या वासाने कळलं.

वर जंगम मंडळींची वस्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्या राहतात, येणाऱ्यांना जेवू घालतात, सांगितलं तर मुक्कामाचीही सोय करतात. ज्यांच्या अंगणात तंबू लावायची परवानगी मागितली त्या आजी म्हणाल्या, "लेकराला घिऊन कशाला भिजताय? आत या की, जागा हाय." मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आजी, तंबू आणलाय. त्यांनी उभारलेला तंबू नीट बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो? वारं सुटल्यावर ऱ्हाईल का?"

राहिला नाही, म्हणजे पहिल्या तासात तरी नाही. सोबत आलेल्या खुंट्या म्हणजे हुक वळवलेली जाड तार. अंगणातली माती चार बोटं, खाली कातळ. खुंटी चार बोटं जायची, टण्णकन वाजायची आणि वाकायची. अंधार पडायच्या आत वाऱ्याच्या बाजूच्या दोन्ही खुंट्या उडाल्या, त्या धुक्यात सापडल्याही नाहीत. मग गोठ्याच्या गडग्याशेजारी पडलेले दगड आणले आणि दोऱ्या त्यांना बांधल्या. दोरी ओढली की धरते आणि गाठ हाताने ढकलली की सरकते, अशी एक गाठ पोराने व्हिडिओ बघून शिकून ठेवली होती. मला ती अजूनही नीट जमत नाही. आठ दोऱ्यांपैकी सहा त्याने बांधल्या आणि रात्री ज्या दोन सुटल्या त्या माझ्या होत्या.

जेवण आजींकडे. पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा, वर मोजे वाळवायला चुलीची ऊब. देवळात जाऊन आलो. शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतली ती इथे, १६४५ साली, अशी परंपरा आहे. मी म्हटलं, तेव्हा महाराज पंधरा वर्षांचे होते, म्हणजे तुझ्यापेक्षा फक्त तीन वर्षांनी मोठे. पोरगा ओल्या मोज्यांकडे बघत म्हणाला, "ए बाबा, पण ते पावसाळ्यात आले होते का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

रात्री दोनला कपाळावर थेंब. मग दुसरा. पोरगा आधीच जागा होता. "बाबा, गळतंय." बॅटरी लावली तर अख्ख्या फ्लायला आतून बारीक मोत्यांसारखे थेंब, आणि वाऱ्याचा प्रत्येक झोत आला की ते इनरच्या जाळीतून आमच्यावर. झोपायच्या पिशव्यांचं पायाकडचं टोक ओलं, उशीला घेतलेलं जाकीट ओलं. माझा जुना पंचा होता, त्याने पोरगा फ्लाय आतून पुसायचा, मी दारातून बाहेर पिळायचो. पहाटेपर्यंत पाच वेळा. पंच्यातून निघणारं पाणी चहाच्या कपाने मोजावं एवढं होतं. त्याला यात मजा वाटत होती. मी मनातल्या मनात कस्टमर केअरला मेल लिहीत होतो.

सोमवारी ती मेल पाठवलीही. 'वॉटरप्रूफ म्हणून विकलेला तंबू पहिल्या वाऱ्यापावसात गळाला' वगैरे. त्याच रात्री पोराने बाथरूममध्ये वेगळाच उद्योग मांडला. फ्लायचा एक भाग बादलीवर झोळीसारखा बांधला, त्यात दोन तांबे पाणी ओतलं आणि वर पाटी लावली, 'हात लावू नये'. सकाळी झोळीत पाणी तसंच आणि बादली कोरडी ठणठणीत. शिवणीचा भाग घेऊन पुन्हा केलं, तरी तेच.

म्हणजे फ्लायमधून पाणी आलंच नव्हतं. ते आमचं होतं. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून कपभर तरी पाणी हवेत सोडतो. आत दोन माणसं, त्यात ओले मोजे, ओली जाकिटं, ओल्या सॅक आणि पाऊस येईल या भीतीने मी दोन्ही दारं आणि वरच्या दोन्ही खिडक्या गच्च बंद केलेल्या. गार फ्लायला ती वाफ लागली की तिचं पाणी होणारच. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो तसं. गळती आणि ही ओल ओळखायची कशी, तर गळती शिवणीपाशी, कोपऱ्यात, एका रेषेत दिसते आणि ही ओल सगळीकडे सारखी, बारीक दाण्यांची. पुढच्या प्रत्येक मुक्कामाला वरच्या खिडक्या उघड्या, वाऱ्याच्या आडचं दार वरून वीतभर उघडं आणि ओलं सामान दाराबाहेर फ्लायखाली. ओल पूर्ण जात नाही, पण थेंब पडायचे थांबले.

कंपनीला दुसरी मेल टाकून पहिली मागे घेतली. हे पुढे महागात पडलं.

तळाकडून आलेलं पाणी मात्र शंभर टक्के माझी चूक. तंबूखाली घालायला बोहरी आळीतून ताडपत्री आणली होती, ऐसपैस असावी म्हणून तंबूपेक्षा चारी बाजूंनी हातभर मोठी. फ्लायवरून ओघळणारं पाणी सरळ त्या बाहेर आलेल्या कडेवर पडलं आणि उतारावरून तळाखाली शिरलं. थोडक्यात, आम्ही आधी तळं खोदलं आणि मग त्यावर झोपलो. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहानच हवी, नाहीतर कडा आत दुमडा. हे आम्ही कात्रीने सोडवलं. उरलेल्या पट्ट्या पोराच्या सायकलला आणि गच्चीतल्या कुंड्यांना लागल्या.

बाकीच्या रात्री मावळात आणि राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या गावांत. किल्ल्यावर, बुरुजाशेजारी, देवळाच्या आवारात तंबू ठोकायचा विचार सोडा. संरक्षित वास्तू आहेत त्या. पायथ्याला कुणाच्या तरी अंगणात विचारून लावा, जेवण त्यांच्याकडे घ्या, पैसे द्या. रात्री फारच झालं तर पडवी जवळ असते. आम्हाला एकदा लागली.

ती ऑगस्टमधली वेळ, पोल फुटला तेव्हाची. फायबरग्लास तुटतो तेव्हा काडीसारखा तुटत नाही, तो उभा चिरतो आणि त्याची कुसळं बोटात जातात. अंधारात हात फिरवला आणि तीन कुसळं गेली. ज्यांच्या पडवीत गेलो त्या घरच्या वहिनींनी सुईने काढली. फुटक्या जागेवर चढवायची ॲल्युमिनियमची नळी आणि थोडी इन्सुलेशन टेप जवळ ठेवली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. आता ठेवतो. ॲल्युमिनियमच्या पोलचा तंबू घ्यायची ऐपत असेल तर तोच घ्या, वजनही कमी होईल.

सप्टेंबरमध्ये खरी गळती सुरू झाली. तळाच्या एका कोपऱ्यात शिवणीवरची आतली पट्टी वीतभर सुटली. पुन्हा मेल केली, फोटोसकट. उत्तर आलं की आपणच जुलैमध्ये उत्पादनाबाबत तक्रार नसल्याचं कळवलं आहे आणि पट्टी सुटणं हे वापराने झालेल्या झिजेत मोडतं. पुढे दोन फोन केले आणि नाद सोडला. घरीच केलं. सुटलेली पट्टी काढली, जागा स्पिरिटने पुसली, शिवणीवर लावायचा सीलर दोन हात लावला, एक दिवस वाळू दिला. सीलर घेताना एवढं बघा की कापडाला पॉलियुरेथेनचा लेप असेल तर सीलर त्याचाच लागतो, सिलिकॉनच्या कापडाला सिलिकॉनचा. उलट केलं तर धरत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक जोरदार सर मिळाली, कोपरा कोरडा राहिला.

वाळवणं हा या तंबूचा सगळ्यात मोठा खर्च आहे आणि तो पिशवीवर छापलेला नसतो. ओला तंबू गुंडाळून ठेवला की बुरशी येते, वास येतो, आणि वर्षा-दोन वर्षांत आतला लेप चिकट होऊन पापुद्रे सुटायला लागतात. मित्राच्या जुन्या तंबूचं हे झालेलं बघितलंय, हाताला गुळासारखं लागतं. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तंबू वाळवायचा म्हणजे हॉलमध्ये दोन खुर्च्यांवर फ्लाय, दारावर इनर, पंखा पाचवर, दोन दिवस. बायकोने पहिल्या वेळी कौतुकाने फोटो काढला. चौथ्या वेळी विचारलं, "हा किती दिवस मुक्कामाला आहे?"

बाकी सामानाबद्दल थोडक्यात. बूट ॲक्शनचे, पुण्यातला निम्मा ट्रेकर जे घालतो तेच. ओल्या कातळावर धरतात, पाणी शिरतं तसं निघूनही जातं. महागडे वॉटरप्रूफ बूट पावसाळ्यात घेऊ नका, ओढा ओलांडताना एकदा वरून पाणी शिरलं की त्यांची बादली होते. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात रद्दीला त्यामुळे मान आलाय. पोंचो पठारावर निरुपयोगी, वाऱ्याने डोक्यावर येतो. आजींकडे भिंतीला जुनं इरलं टांगलेलं होतं, ते पोराने घालून बघितलं. वाकून काम करणाऱ्याच्या पाठीवर पाऊस घेणारी त्याहून सोपी वस्तू मला माहीत नाही. कोरडे कपडे सॅकच्या आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पीळ देऊन बांधलेलं. रेनकव्हरवर भरवसा नको. आणि स्टोव्ह तंबूत पेटवू नका, पाऊस कितीही असला तरी. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड वासानेही कळत नाही.

साडेतीन तारे. अर्धा तारा त्या पट्टीच्या उत्तरापायी गेला, एक पोल आणि खुंट्यांपायी. पावसाळ्यात दोन-चारदाच जाणार असाल आणि घरी वाळवायला जागा असेल तर घ्या. एकट्याने पाठीवर घेऊन लांब चालणार असाल तर घेऊ नका, ३.९ किलो दुसऱ्या तासाला दुप्पट लागतात. आम्ही वाटून घेतो. पोल आणि खुंट्या त्याच्याकडे, बाकी माझ्याकडे. पुढच्या वर्षी फ्लायही घेतो म्हणालाय.

खुंट्या आता जाड ॲल्युमिनियमच्या आणल्यात, बाराच. सप्टेंबरअखेरीला सोनकीची फुलं बघायला पुन्हा रायरेश्वरावर गेलो होतो, लख्ख ऊन, केंजळगड समोर. आजींच्या गोठ्यामागे, जिथे माती खोल आहे, तिथे एक करडू बांधलेलं दिसलं. पोराने वाकून बघितलं आणि मला हाक मारली. दोरी ज्याला बांधली होती ती आमचीच खुंटी होती, हुक वळवलेली, मधोमध वाकलेली. करडू झटके देत होतं, ती जागची हलत नव्हती.