‘सगळं धरून’ पॅकेज: नाशिकमध्ये म्हाताऱ्या पेशंटला दवाखान्यातून हलवताना होणारी फसवणूक

घरात म्हातारं माणूस आजारी असेल, तर घरचे सगळ्यात जास्त फसतात ते डिस्चार्जच्या दिवशी. पंचवटीतल्या एका कुटुंबाचं बघा. ७८ वर्षांच्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन व्यवस्थित झालं, पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मुलगा-सून दोघं नोकरीला. बिलाच्या खिडकीपाशी एकाने कार्ड पुढे केलं. ‘ताई, काळजीच नका करू. आपलं रिहॅब सेंटर आहे. चोवीस तास डॉक्टर, आयसीयू सेटअप, फिजिओ, जेवण, सगळं धरून रोजचे २,५००.’ महिन्याचे ७५,००० आगाऊ घेतले, तेही एका माणसाच्या खासगी खात्याच्या क्यूआर कोडवर.

प्रत्यक्षात तो भाड्याचा बंगला होता. बारा कॉट, रात्रीला दोन मावशी, डॉक्टर फोनवर. आयसीयू सेटअप म्हणजे ऑक्सिजनचं एक सिलिंडर आणि एक मॉनिटर. फिजिओ आठवड्यातून दोनदा यायचा, त्याचे पैसे वेगळे. डायपर, ग्लोव्हज, अंडरपॅड, नेब्युलायझेशन (मशिनने औषधाची वाफ देणं) हेही वेगळंच. बिलात दिवसाला दहा डायपर लावलेले. एरवी चार-पाच पुरतात. तीन आठवड्यांत माकडहाडापाशी बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, झाला. ताप चढल्यावर सेंटरनेच ओळखीची अॅम्ब्युलन्स बोलावली आणि आजी एका अनोळखी दवाखान्याच्या आयसीयूत पोचल्या. १०८ची अॅम्ब्युलन्स फुकट असते, हे कुणी बोललंच नाही.

मुळात खुब्याच्या ऑपरेशननंतर पेशंटला शक्यतो दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. झोपवून ठेवलं की स्नायू जातात, पायात गुठळी होते, छातीत कफ साठतो. म्हणजे आजींना हवं होतं ते रोजचं चालणं, दर दोन तासांनी कूस बदलणं आणि ड्रेसिंग. त्यांना विकलं गेलं ते पडून राहणं.

सेंटरच्या बिलाचा क्लेम विमा कंपनीने नाकारला, आणि नियमाला धरूनच. पॉलिसीच्या व्याख्येत हॉस्पिटल म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे नोंदणी झालेलं. नोंदणी नसेल तर दहा लाखांवरच्या शहरात किमान १५ खाटा, चोवीस तास पात्र नर्स आणि डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी हे सगळं लागतं. नाशिक दहा लाखांच्या वर केव्हाच गेलंय. बंगल्यातलं सेंटर यात कुठेच बसत नाही.

त्यामुळे जागा शोधायच्या आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या: शिरेतून इंजेक्शन किती दिवस, ऑक्सिजन लागतो का, नाकातली नळी किंवा लघवीची नळी आहे का, सक्शन (घशातला कफ मशिनने ओढणं) लागतं का, कोणत्या दिवशी किती चालवायचं. शिरेतून औषध किंवा ऑक्सिजन चालू असेल तर नोंदणीकृत हॉस्पिटलचा वॉर्डच हवा. नुसती नळी, ड्रेसिंग आणि चालणं असेल तर घरी जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स शिकलेली नर्स आणि फिजिओ भागवतात. नर्सचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. औषधं तोंडाने, फक्त आंघोळ-जेवणाला माणूस हवं, तर प्रशिक्षित मावशी पुरे. वृद्धाश्रम ही राहायची सोय आहे, उपचाराची नाही, मग पाटीवर काही का लिहिलेलं असेना.

सेंटर बघायचंच असेल तर दुपारी चहाला बोलावतात तेव्हा जाऊ नका. रात्री दहाला न सांगता जा. नर्सिंग होम नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, त्यावर खाटा किती, मुदत संपली आहे का, ते वाचा. शंका आली तर शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात महापालिकेच्या वैद्यकीय विभागात विचारा. कूस बदलल्याचा तक्ता मागा. चोवीस तासांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एका दमात भरलेल्या असतील तर कूस कुणी बदलत नाही. नळीने भरवताना डोकं ३० ते ४५ अंश वर हवं, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता. आणि भरदुपारी सगळेच पेशंट गाढ झोपलेले दिसले, तर झोपेचं औषध कुणाच्या चिठ्ठीवर चालू आहे ते विचाराच.

उलटा प्रकारही तितकाच चालतो: वॉर्डात भागेल अशा आजोबांना ‘वय झालंय, रिस्क नको’ म्हणून आयसीयूत टाकणं. अनोळखी खोली, रात्रभर दिवे, घरचं माणूस जवळ नाही. म्हातारा पेशंट तिथे दोन रात्रींत भ्रमिष्टासारखा वागू लागतो, मग हात बांधतात. कोणता अवयव निकामी होतोय, कोणता आधार यंत्राने द्यायचाय, हे स्पष्ट विचारा. नातेवाइकांचा नकार असताना आयसीयूत दाखल करू नये, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात.

७० वर्षांवरच्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार फुकट. ‘कार्डावर बसवून देतो’ म्हणून रोख मागणाऱ्याला पैसे देऊ नका; योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, त्याचं काम फुकट असतं. चौकशीला १४५५५.

फसलाच असाल तर कार्ड, व्हॉट्सअॅपवरची जाहिरात, क्यूआर पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि बेडसोअरचे तारखेसह फोटो जपा. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर अर्जाला फी नाही.