सीईटी टेस्ट सिरीज वर्षभर वापरल्यावर: एका 90 मिनिटांच्या कुलपासाठी केलेलं भांडण

सीईटीची, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेची, पीसीएमची (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ही ऑनलाइन टेस्ट सिरीज आम्ही थोरलीच्या रिपीटच्या वर्षासाठी घेतली होती. आता ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि गेल्या आठवड्यात माझ्या खात्यातून पुढच्या वर्षाचे पैसे आपोआप कापले गेले. परत मागितले तर ‘नियमात बसत नाही’ एवढंच उत्तर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पण बहुतेक सगळ्या सिरीज एकाच पद्धतीच्या असतात, त्यामुळे घेण्याआधी काय तपासायचं ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सीईटीचा पॅटर्न सगळ्यांना माहीत आहे. फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न, 90 मिनिटं. मग गणिताचे 50 प्रश्न, 90 मिनिटं, प्रत्येकी दोन गुण. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पहिली 90 मिनिटं संपली की तो भाग बंद होतो आणि गणित उघडतं. मागे जाता येत नाही. केमिस्ट्री लवकर झाली म्हणून उरलेली मिनिटं गणिताला मिळत नाहीत, आणि गणित लवकर संपलं म्हणून फिजिक्सचा राहिलेला प्रश्न उघडत नाही.

आमच्या सिरीजमध्ये हे कुलूपच नव्हतं. 180 मिनिटांचं एकच घड्याळ, तिन्ही विषय उघडे, कुठूनही कुठंही जा.

पहिले दोन महिने आम्ही खूश होतो. प्रश्नांचा दर्जा चांगला आहे. बालभारतीच्या पुस्तकाच्या बाहेरचं फारसं काही नाही, अकरावीच्या निवडक धड्यांचे साधारण 20 टक्के आणि बारावीचे 80 टक्के हे प्रमाणही पाळलेलं. मुलीचे गुण चढत होते. मी तेव्हा भावकीतल्या दोघांना हीच सिरीज घ्या म्हणून सांगितलंही होतं.

दिवाळीनंतर एका रविवारी मी तिच्या शेजारी बसून पूर्ण पेपर बघितला. ती फिजिक्सला अडली की प्रश्न सोडून गणिताकडे जायची, तिथं रमायची आणि शेवटच्या वीस मिनिटांत परत येऊन फिजिक्सचे राहिलेले प्रश्न पुरे करायची. गुण छान आले. पण खऱ्या परीक्षेत ती शेवटची वीस मिनिटं फिजिक्ससाठी नसतातच. म्हणजे हे गुण ज्या पद्धतीनं मिळत होते, ती पद्धत परीक्षेत चालणारच नव्हती.

काहीजण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीसाठी किती बोलायचं? म्हणून हिशेब मांडते. पहिल्या भागात एका प्रश्नाला सरासरी 54 सेकंद मिळतात, गणितात 108. निगेटिव्ह नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नसतो, हे कुठलाही मास्तर सांगतो. चार पर्याय असतात, त्यामुळे पहिल्या भागातल्या दहा कोऱ्या प्रश्नांवर नुसता तुक्का मारला तरी सरासरी अडीच गुण पदरात पडतात. पण कुलूप असताना हा तुक्का 90 व्या मिनिटाच्या आत मारावा लागतो. 85 व्या मिनिटाला हातातलं उदाहरण अर्धवट सोडून राहिलेल्या सगळ्या प्रश्नांवर काहीतरी टिक करून यायचं, ही सवय हाताला लागावी लागते. उघड्या घड्याळावर सराव केलेलं पोर ‘नंतर बघू’ म्हणून प्रश्न मागे ठेवतं आणि स्क्रीन बदलली की ते सगळे कोरे राहतात. पहिल्या वर्षी माझ्या मुलीचं नेमकं हेच झालं होतं. परीक्षेहून आली तेव्हा म्हणाली, “आई, फिजिक्सचे बरेच राहिले, परत जाताच आलं नाही.” ज्या चुकीपायी वर्ष गेलं, तीच चूक पक्की करून देणाऱ्या सिरीजला आम्ही पैसे मोजत होतो. मला याचा राग आला आणि अजूनही येतो.

कस्टमर केअरशी चॅट केला. उत्तर: “मॅडम, एकूण वेळ 180 मिनिटंच आहे, त्यामुळे फरक पडत नाही.” मी सीईटी कक्षाच्या माहिती पुस्तिकेतलं वेळापत्रकाचं पान फोटो काढून पाठवलं. मग “ॲप अपडेट करून बघा.” केलं. काही बदल नाही. मग तिकीट नंबर, आणि तिकीट आपोआप बंद. दर वेळी नवा माणूस आणि मी पहिल्यापासून सांगायचं.

तोवर घरी मीच कुलूप झाले. 90 मिनिटांचा गजर लावायचा, वाजला की रफ कागद माझ्याकडे, आणि त्यानंतर तिनं फक्त गणित उघडायचं. पहिल्या पेपरात पहिल्या भागाचे सतरा प्रश्न कोरे राहिले. ती रडवेली झाली, गुण धाडकन खाली आले. मी तिला म्हटलं, हे खरे गुण आहेत, इथून वर जायचं.

आता चांगलं सांगते, कारण तेही तितकंच खरं आहे. या सिरीजमध्ये पेपरनंतर प्रत्येक प्रश्नाला किती सेकंद गेले त्याचा तक्ता मिळतो. मी सुरुवातीला तो उघडलाही नव्हता, नुसती शोभा वाटायची. गजराचे पेपर सुरू झाल्यावर आम्ही रात्री जेवणानंतर तो तक्ता बघायला लागलो, आणि त्या एका गोष्टीनं वर्ष सावरलं. केमिस्ट्रीचे थिअरीचे प्रश्न ती वीस-पंचवीस सेकंदांत सोडवत होती. फिजिक्समध्ये ऑप्टिक्स आणि रोटेशनल डायनॅमिक्सच्या एकेका उदाहरणावर तीन-तीन मिनिटं घालवत होती, आणि त्यातली निम्मी उत्तरं चुकत होती. मग क्रम बदलला. आधी केमिस्ट्री, तीही पस्तीस मिनिटांत. उरलेल्या वेळात फिजिक्स, आणि दोन मिनिटांच्या वर कुठल्याही प्रश्नावर थांबायचं नाही. तीन मिनिटांचं अवघड उदाहरणही एकाच गुणाचं आणि वीस सेकंदांचं सूत्रही एकाच गुणाचं, हे तिला तक्त्यातले आकडे बघून पटलं. माझ्या सांगण्यानं पटलं नव्हतं.

गणितातही तेच दिसलं. इंटिग्रेशन तिचं आवडतं, त्यात वेळ जायचा. मॅथेमॅटिकल लॉजिक, मॅट्रिसेस, लिनियर प्रोग्रॅमिंग हे पटकन होणारे धडे ती शेवटाला ठेवायची. तो क्रम उलटा केल्यावर दर पेपरात दोन-चार प्रश्न वाढले, म्हणजे चार ते आठ गुण.

आणि फेब्रुवारीत, बोर्डाची परीक्षा चालू असताना, ॲपमध्ये खरंच कुलूप आलं. कुणी कळवलं नाही, माझ्या तिकिटाचा उल्लेख नाही, पण पेपर दोन भागांत विभागलेला दिसला. त्या दिवशी मला मनापासून बरं वाटलं, आणि आधी ठरवलेला एक तारा मी तीनवर नेला. चार देत नाही, कारण नव्या कुलपात एक दोष आहे. भाग बदलताना नेट गेलं तर पहिल्या भागाची उत्तरं कधीकधी जतन होत नाहीत. आमच्याकडं संध्याकाळी लाइट जाते, त्यामुळे पेपर सकाळीच द्यावे लागले.

बाकीचं थोडक्यात. मोबाइलवर पेपर देऊ नका, केंद्रावर संगणक असतो; आम्ही दिरांचा जुना लॅपटॉप वापरला. गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी त्याच भाषेत सराव करावा. ॲप दाखवतं त्या ‘अंदाजे पर्सेंटाइल’कडं बघू नका. खरं पर्सेंटाइल तुमच्या शिफ्टला बसलेल्या सगळ्या मुलांवरून निघतं, ॲपवाल्यांकडे फक्त त्यांची गिऱ्हाइकं असतात. काही पेपरांत मूळ सेटिंग जेईईचं (देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचं), म्हणजे निगेटिव्ह मार्किंगचं, असतं. ते आधी बंद करा, नाहीतर पोरं प्रश्न सोडायला शिकतात.

सिरीजच्या उत्तरसूचीतही चुका सापडल्या. त्या मी समजून घेते, कारण खुद्द परीक्षेतही चुका होतात. 27 एप्रिल 2025 च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्याय चुकले होते आणि त्या मुलांना 5 मे रोजी पुन्हा परीक्षा द्यावी लागली. पण सीईटीच्या उत्तरसूचीवर आक्षेप घ्यायला एका प्रश्नाला हजार रुपये पडतात, तरी त्यावर निर्णय तरी होतो. इथं पैसे भरलेल्या माणसानं दाखवलेली चूक सहा महिने तशीच राहते.

सीईटीचा निकाल: पहिल्या वर्षी पर्सेंटाइल 81 च्या घरात, यंदा 93 च्या वर. कॅप राऊंडमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) जिल्ह्यातच, हवी ती शाखा मिळाली. वसतिगृहाचा खर्च वाचला, हा माझ्यासाठी टेस्ट सिरीजच्या किमतीच्या कितीतरी पट फायदा आहे.

धाकटा अकरावीला आहे. वर्षभराचा प्लॅन त्याच्यासाठी आत्ता कामाचा नाही. धडेच झालेले नसताना पूर्ण पेपर देऊन काही हाती लागत नाही, त्याला बारावीच्या डिसेंबरपासून चार-पाच महिन्यांचा प्लॅन पुरेल. तोवर जुने पेपर छापून आणलेत आणि 90 मिनिटांचा गजर आहेच. कुठलीही सिरीज घेणार असाल तर आधी एक फुकटचा पेपर उघडा, फिजिक्सचा एक प्रश्न कोरा ठेवून थेट गणितात जा आणि परत मागे जाता येतं का बघा. जाता आलं तर पैसे भरू नका. आणि भरलेच, तर त्याच दिवशी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ऑटो-पे बंद करा.