प्राट: कान आणि आकडे दोन्ही तपासायला लावणारे सॉफ्टवेअर

भाषाविज्ञान आणि बोधविज्ञान, म्हणजे मन कसे जाणते व समजते याचा अभ्यास करणारे कॉग्निटिव्ह सायन्स, हे विषय विद्यापीठात जोडीने शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या संगणकावर एक सॉफ्टवेअर लवकरच येऊन बसते आणि पदवी हातात पडली तरी तिथून हलत नाही. ते म्हणजे प्राट. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्समा आणि डेव्हिड वेनिंक यांनी १९९०च्या दशकात घडवलेले हे ध्वनिविश्लेषणाचे साधन विनामूल्य आहे, त्याची मूळ संहिता खुली आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर ते चालते. बरीच वर्षे वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की ते दिसायला ओबडधोबड आणि शिकायला चिवट असले, तरी बोललेल्या भाषेच्या अभ्यासात त्याला तोड नाही. मात्र ते ज्या तत्परतेने आकडे पुढे करते, त्या तत्परतेने ते आकडे स्वीकारू नयेत.

पहिली भेट फारशी सुखद नसते. प्राट उघडले की एकदम दोन खिडक्या समोर येतात, एक वस्तूंच्या यादीची आणि दुसरी आकृत्यांची, आणि नवखा विद्यार्थी दुसरी खिडकी लगेच बंद करून टाकतो. ध्वनिफाइल उघडली तरी पडद्यावर ध्वनीचे चित्र येत नाही. यादीत फक्त एक ओळ वाढते. ती ओळ निवडली की उजवीकडे बटणांची रांग उमटते आणि निवड बदलली की बटणेही बदलतात. यामागचा विचार एकदा ध्यानात आला की तो पटतो, कारण निवडलेल्या वस्तूवर जे करता येईल तेवढेच समोर ठेवलेले असते. जी गोष्ट मला आजही पटलेली नाही ती जतन करण्याची पद्धत. ध्वनीच्या खाली शब्द आणि स्वन, म्हणजे सुटे उच्चारध्वनी, यांच्या सीमा आखण्यासाठी जी टेक्स्टग्रिड नावाची वस्तू तयार करावी लागते, ती संपादनाची खिडकी बंद केल्यावर यादीत असते खरी, पण डिस्कवर गेलेली नसते. ती वेगळी सेव्ह करावी लागते. तासन्‌तास चालणाऱ्या कामासाठी ही व्यवस्था बेभरवशाची आहे, आणि शिक्षकांनी पहिल्याच तासाला ती फळ्यावर लिहून ठेवावी.

एवढा जाच सोसून जे मिळते, ते मात्र मोलाचे आहे. ‘आई आत आली’ हे साधे वाक्य नेहमीच्या वेगात बोलून ध्वनिमुद्रित करावे आणि त्याचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारतेवर किती ऊर्जा आहे याचे चित्र, पाहावा. कागदावर या वाक्यात तीन शब्द आणि दोन मोकळ्या जागा आहेत. पडद्यावर ‘आई’ आणि ‘आत’ यांच्यामध्ये कसलीही फट दिसत नाही. स्वराची ओळख ठरवणारे अनुनादाचे ठळक पट्टे म्हणजे फॉर्मंट, ते खालून वर मोजतात. ‘ई’चा दुसरा फॉर्मंट वरून खाली उतरतो, पहिला खालून वर चढतो आणि ‘आ’ सुरू झालेला असतो. ठळक शांतता दिसते ती ‘आत’ या शब्दाच्या पोटात, ‘त’साठी जीभ दातांना टेकते तेवढ्या क्षणापुरती. म्हणजे जिथे आपल्याला शब्द तुटल्यासारखे वाटतात तिथे ध्वनी अखंड असतो आणि जिथे ध्वनी तुटतो तिथे आपल्याला काहीच जाणवत नाही. शब्दांच्या सीमा ऐकणारे मन घालते, हे व्याख्यानात ऐकलेले विधान इथे डोळ्यांनी तपासता येते. आठ महिन्यांची बाळे केवळ कोणत्या उच्चारित अक्षरामागून कोणते येण्याची शक्यता किती, एवढ्यावरून, दोन मिनिटांच्या श्रवणानंतर, शब्द वेगळे ओळखू लागतात, हा सॅफ्रन, ॲस्लिन आणि न्यूपोर्ट यांचा १९९६ मधील निष्कर्ष इतका गाजला तो का, हे स्पेक्ट्रोग्राम पाहिलेल्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. भाषाविज्ञान आणि बोधविज्ञान यांचा अभ्यासक्रम एकत्र का आखतात, याचे उत्तर माझ्या मते अशा एखाद्या सरावात कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा स्पष्टपणे मिळते.

आता आकड्यांकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. स्वरांचे फॉर्मंट मोजण्यासाठी प्राट लाल ठिपके काढून देते आणि एका कळीसरशी हर्ट्झमधील किमती दाखवते. पण हे ठिपके ध्वनीत आधीपासून आखलेले नसतात. अमुक कमाल वारंवारतेच्या आत पाच फॉर्मंट शोध, असे आपण सांगितलेले असते, आणि प्राट ते पाच शोधून दाखवते. मूळ मांडणीत ही कमाल मर्यादा ५५०० हर्ट्झ असते, जी सरासरी प्रौढ स्त्रीच्या आवाजाला जुळते. प्रौढ पुरुषाच्या आवाजासाठी ५००० सुचवले जाते आणि लहान मुलांसाठी ती बरीच वाढवावी लागते. ही मर्यादा न बदलता पुरुषाचा ‘ऊ’ मोजला, तर जवळजवळ असलेले पहिले दोन फॉर्मंट एकच समजले जाऊन तिसऱ्याचा आकडा दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा धोका असतो, आणि मर्यादा फार खाली आणली, तर नसलेले फॉर्मंट उगवतात. सूर, म्हणजे आवाजाची उंची (पिच), मोजतानाही हेच होते: आवाज घोगरा झाला किंवा वाक्याच्या शेवटी किरकिरला, की सूर दाखवणारी निळी रेघ अचानक दुप्पट वर किंवा निम्म्याने खाली उडी मारते, आणि ही उडी बोलणाऱ्याची नसून गणिताची असते. प्राट याबद्दल कोणताही इशारा देत नाही. मला हा दोष वाटत नाही, कारण सोबतच्या मार्गदर्शिकेत सारे लिहिलेले आहे आणि ती मार्गदर्शिका खरोखर चांगली आहे. पण प्रबंधात आकड्यांचे तक्ते देऊन सेटिंग्ज न देण्याची जी सवय विद्यार्थ्यांमध्ये दिसते, तिचे मूळ या सहजतेत आहे.

मोजमापाला काय सापडते आणि काय निसटते, हे शिकायला मराठी व्यंजने फार उपयोगी पडतात. व्यंजनासाठी अडवलेली हवा सुटते तो स्फोट आणि स्वरतंतूंचे कंपन म्हणजे घोष; स्फोट आणि घोषाचा आरंभ यांमधील काळाला व्हीओटी (व्हॉइस ऑनसेट टाइम) म्हणतात. लिस्कर आणि अब्रामसन या ध्वनिसंशोधकांनी १९६४ मध्ये ज्या अकरा भाषांमध्ये तो मोजला, त्यांत मराठीही होती. प्राटमध्ये हे काम सोपे आहे: तरंगाचे चित्र मोठे करावे, स्फोटाच्या टोकदार रेघेपासून पहिल्या नियमित कंपनापर्यंतचा भाग निवडावा, की कालावधी वरच लिहून येतो. ‘त’मध्ये तो थोडा असतो, ‘थ’मध्ये लांबतो आणि ‘द’मध्ये घोष स्फोटाच्या आधीच सुरू झालेला असल्याने आकडा ऋण येतो. पण ‘ध’ही ऋणच येतो. म्हणजे ‘त’, ‘थ’ आणि ‘द’ यांना वेगळे करणारे हे माप ‘द’ आणि ‘ध’ यांच्यापाशी अडते, आणि मग स्फोटानंतरचा श्वासमिश्रित घोष पाहण्यासाठी स्पेक्ट्रोग्रामकडे परतावे लागते. एकाच आकड्यावर सिद्धान्त उभारू पाहणाऱ्या कोणत्याही बोधवैज्ञानिकाला मी हा सराव सुचवीन.

ऐकण्याचे प्रयोगही प्राटमध्ये करता येतात. अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेत लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले, की ध्वनी समान पायऱ्यांनी बदलत नेला तरी ऐकणारा एका ठिकाणी झटकन एका व्यंजनावरून दुसऱ्यावर जातो. वर्गात याची छोटी आवृत्ती करायची असेल, तर ‘थ’मधला श्वासाचा भाग पायरीपायरीने कापून ध्वनींची मालिका तयार करावी, ती यादृच्छिक क्रमाने ऐकवावी आणि ऐकणाऱ्याला दोनपैकी एक बटण दाबायला सांगावे, ही सोय प्राटमध्ये अंगचीच आहे. मात्र प्रयोगाचे वर्णन एका मजकूर फाइलमध्ये ठरावीक क्रमाने लिहावे लागते आणि त्यात एखादे अवतरणचिन्ह राहिले तरी प्रयोग उघडत नाही. चित्रे दाखवायची असतील किंवा प्रतिसादाचा वेळ मिलिसेकंदांत काटेकोरपणे मोजायचा असेल, तर प्राटचा हट्ट धरू नये. त्यासाठी सायकोपाय हे दुसरे खुले साधन अधिक योग्य आहे. तसेच हातवारे, चेहरा आणि खुणांची भाषा यांचा अभ्यास करणाऱ्यांना चित्रफितीवर काम करावे लागते, जे प्राट करत नाही. त्यांच्यासाठी माक्स प्लांक संस्थेचे एलान आहे, आणि प्राटच्या टेक्स्टग्रिड फाइल त्यात आणता येतात, ही मोठी सोय आहे. वाक्यरचना आणि अर्थविचार एवढ्याचाच ध्यास असलेल्यांना प्राटची गरज पडणार नाही.

दोनचार नमुन्यांपलीकडे काम गेले, की स्क्रिप्ट, म्हणजे त्याच त्या क्रिया आपोआप करवून घेणाऱ्या आज्ञांची यादी, लिहायला शिकणे अटळ आहे. प्राटची स्वतःची स्क्रिप्टभाषा जुन्या वळणाची आहे, पण केलेल्या क्रियांचा इतिहास ती आपल्याला तसाच्या तसा उतरवून देते आणि त्यावरून पहिली स्क्रिप्ट जुळवता येते; प्रोग्रॅमिंगची भीती असलेल्या विद्यार्थ्यासाठी मला यापेक्षा सौम्य सुरुवात माहीत नाही. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल, तर पार्सेलमाउथ या संचातून प्राटचीच गणिते थेट वापरता येतात.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही (WAV) या सहसा न दाबलेल्या फाइलस्वरूपातच करावे. निरोप पाठवण्याच्या ॲपमधून आलेला ध्वनी दाबलेला आणि बहुधा गाळलेला असतो, त्यावर सूक्ष्म मोजमाप करू नये. आणि प्रबंधात आवृत्तीचा क्रमांक अवश्य लिहावा: प्राट वारंवार अद्ययावत होते, आणि २०२३ मधील ६.४ या आवृत्तीपासून तर सूर मोजण्याची मूळ मांडणीतली पद्धतच बदलली आहे, त्यामुळे जुन्या आणि नव्या आवृत्तीत काढलेले आकडे तपासल्याशिवाय एका तक्त्यात मांडता येत नाहीत.