कंपनीचा माणूस म्हणून आला आणि आमचा चांगला बोर्ड घेऊन गेला

महालक्ष्म्या बसायला चार दिवस उरले होते आणि आमची वॉशिंग मशीन पाण्याने भरलेली तशीच थांबली. आत सासूबाईंच्या तीन चादरी. सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणावर आहेत, त्यामुळे आमच्याकडे चादरींचं धुणं रोजचं. त्यात भाद्रपदातली झड लागलेली, हाताने पिळलेली चादर दोन-दोन दिवस वाळत नव्हती. त्या घाईत मी जे केलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण नागपूरच्या मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर या आमच्या भागात हे लोक आजही फिरत असतील.

मशीन फ्रंट लोड आहे. पाणी बाहेर टाकायची वेळ आली की खालून घूं घूं असा आवाज यायचा, थोड्या वेळाने थांबायचा आणि डिस्प्लेवर एरर यायची. दार उघडेना. पुस्तिका कुठे ठेवली तेही आठवेना. मोबाईलवर कंपनीचं नाव आणि ‘नागपूर सर्व्हिस सेंटर’ असं टाकलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलीने कंपनीचंच नाव घेऊन नमस्कार केला. मशीन कधीची, असं तिने विचारलं. मी म्हटलं, येत्या दिवाळीत दोन वर्षं होतील. ‘मग वॉरंटी संपली मॅडम, व्हिजिटचे साडेतीनशे लागतील.’ मी बरं म्हटलं.

तासाभरात एक मुलगा आला. शर्टवर कंपनीचं चिन्ह, गळ्यात कार्ड, बोलायला अगदी गोड. त्याने परात आणि रद्दी पेपर मागितले, मग टॉर्च मागितला. टॉर्च शोधायला आत गेले तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली. त्यांना कुशीवर वळवून, पाणी पाजून परत यायला मला दहा-पंधरा मिनिटं लागली. येऊन पाहते तर पाणी निघून गेलेलं, दार उघडं, चादरी बादलीत. मशीनचं वरचं झाकण काढलेलं आणि त्याच्या हातात तारा सोडवलेला बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, ज्याला पीसीबी म्हणतात.

‘काकू, पाणी मी काढून दिलं, पण पीसीबी उडाला आहे. नवीन साडेनऊ हजारांचा येतो. रिपेअर करून आणला तर पाच हजार दोनशे, तीन महिन्यांची गॅरंटी.’ त्याने बोर्डावरचा एक काळा ठिपका दाखवला. मला त्यातलं काय कळणार? व्हिजिटचे साडेतीनशे आणि अडीच हजार अॅडव्हान्स मी त्याचा क्यूआर कोड स्कॅन करून दिले. स्क्रीनवर कंपनीचं नव्हे, कुणा माणसाचं नाव आलं होतं. ते मी वाचलं आणि तरी पैसे पाठवले. बोर्ड पिशवीत घालून तो निघून गेला. बोर्ड नेल्याची चिठ्ठी मी मागितली नाही, त्याने दिली नाही.

तिसऱ्या दिवशी बोर्ड आणून बसवला. मशीन चालू झाली, पाणीही गेलं. उरलेले सत्तावीसशे रोख दिले. त्याने दिलेल्या कागदावर एक मोबाईल नंबर आणि रक्कम होती. पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. महालक्ष्म्यांचं सगळं नीट पार पडलं. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी करताना मी त्या मुलाला मनातून आशीर्वाद दिले, आणि जेवायला आलेल्या दोन बायकांना त्याचा नंबरही दिला. पैशांपेक्षा मला आज याचं जास्त वाईट वाटतं. दोघींना नंतर फोन करून सांगितलं. एकीने तोवर त्याला फ्रिजसाठी बोलावलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी मशीन पूर्ण बंद. बटण दाबलं तरी लाईटसुद्धा लागेना. मुलाचा फोन बंद. पहिल्या नंबरवर लावला तर तीच मुलगी म्हणाली, ‘हा नवीन प्रॉब्लेम आहे मॅडम, पुन्हा व्हिजिट चार्ज लागेल.’

मग शेजारच्या भाऊंनी मानेवाडा रोडवरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकला आणलं. त्यांनी मशीनला हात लावायच्या आधी मला बसवून विचारलं, ‘पहिल्यांदा काय झालं होतं ते सांगा जी.’ मी आवाजाचं सांगितलं.

‘घूं घूं करून राहिली होती ना? म्हणजे पंपाला करंट जाऊन राहिला होता. तो करंट बोर्डच देते. बोर्ड उडाला असता तर आवाज काहून आला असता? पंपात काहीतरी अडकलं होतं जी.’

समोर खाली उजवीकडे एक लहानसं चौकोनी झाकण असतं, ते त्यांनी उघडून दाखवलं. दोन वर्षांत मी ते एकदाही उघडलं नव्हतं. आत एक पातळ नळी आणि गोल फिरवायचं फिल्टर. झाकणाच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचे ताजे ओरखडे होते. तेव्हा मला आठवलं. तो मुलगा पहिल्या दिवशी गेल्यावर न्हाणीच्या कोपऱ्यात ओल्या रद्दीत एक रुपयाचं काळं पडलेलं नाणं आणि केसांची पिन सापडली होती. त्याच्या खिशातून पडलं असेल समजून नाणं मी उचलून डबीत ठेवलं होतं. मशीनचा बिघाड तेवढाच होता, आणि तो त्याने पहिल्या पंधरा मिनिटांत काढला होता.

मग त्यांनी बोर्ड बाहेर काढला. कंपनीच्या बोर्डावर पारदर्शक जेलीसारखा थर ओतलेला असतो, ओल लागू नये म्हणून. या बोर्डावरची जेली एका जागी खरवडून काढलेली होती, खाली हाताने लावलेलं ओबडधोबड सोल्डर आणि त्यावर गोंद. पार्ट नंबरचं स्टिकर अर्धं फाडलेलं, आणि जे अर्धं उरलं होतं ते आमच्या मॉडेलच्या नंबराशी जुळत नव्हतं. ‘हा तुमचा बोर्डच नाही जी. जवळच्या मॉडेलचा आहे म्हणून इतके दिवस चालला. तुमचा चांगला होता, तो नेला.’ मेकॅनिकने माझ्याकडून शंभर रुपये घेतले, तेही आग्रह केल्यावर.

पुढचं त्यांनीच सुचवलं, बिल शोधा म्हणून. सीताबर्डीच्या ज्या दुकानातून मशीन घेतली तिथे मोबाईल नंबरावरून बिलाची प्रत मिळाली. घरी माळ्यावर पुस्तिकाही सापडली. मोटरची वॉरंटी दहा वर्षं, पूर्ण मशीनची दोन. फोनवर त्या मुलीने वॉरंटी संपली सांगितलं तेव्हा ती चालू होती. पुस्तिकेतल्या नंबरावर फोन केला तर मोबाईलवर तक्रार क्रमांक आला. दुसऱ्या दिवशी खरा माणूस आला, त्याने बोर्ड पाहिला आणि लिहिलं, ‘मूळ बोर्ड नाही, बाहेरच्या व्यक्तीने उघडले.’ वॉरंटी नाकारली. त्याला मी दोष देत नाही. नव्या बोर्डाचे आठ हजार चारशे भरले. आधीचे धरून तेरा हजार नऊशे पन्नास गेले, तेही जे काम फुकटात झालं असतं त्यासाठी.

ग्राहक हेल्पलाईन 1915 वर फोन केला. समोरच्याचं नाव-पत्ता विचारला, माझ्याकडे फक्त मोबाईल नंबर. ऑनलाईन फसवणुकीसाठी 1930 आहे. तिथे मी तीन आठवड्यांनी पोचले. पैसे गेल्याबरोबर फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून त्याच दिवशी करा, शंका असली तरी करा. पोलीस ठाण्यातही अर्ज दिला आहे.

पाणी जात नसेल तर आधी प्लग काढा, पाणी गरम असेल तर निवू द्या. खालच्या झाकणातली नळी परातीत सोडून पाणी काढा, मग फिल्टर डावीकडे फिरवून बाहेर घ्या आणि आत बॅटरी मारून बघा. नंबर मशीनवरच्या किंवा पुस्तिकेतल्या कागदावरूनच घ्या, शोधून पहिला सापडेल तो नको. आलेल्या माणसाला तक्रार क्रमांक विचारा, आणि तो फोनवर तुम्हाला आलेल्या क्रमांकाशी जुळवा. बोर्ड न्यायचाच असेल तर आधी त्याच्या स्टिकरचा फोटो काढा, त्याच्यासमोरच. आणि तो टॉर्च मागेल, पाणी मागेल, तेव्हा घरातल्या दुसऱ्याला उठवा, स्वतः तिथून हलू नका.

परवा भाचीच्या फोनवर तेच शोधून पाहिलं. तोच नंबर अजून वर येतो आहे. आता त्याच्यापुढे दुसऱ्या एका कंपनीचं नाव आहे, एसी दुरुस्तीसाठी.