लेप्टोतून (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे पसरणारा ताप) वाचवलं त्या मिरजेच्या हॉस्पिटलबद्दल

मी सांगलीच्या गावभागातला. तीस वर्षं रोज पहाटे सरकारी घाटावर पोहतोय. यंदा श्रावणात कोयनेचा विसर्ग कमी झाला, कृष्णेचं पाणी उतरलं आणि दुसऱ्याच दिवशी मी नदीत उतरलो. पाणी गढूळ होतं, पायऱ्यांवर गाळ होता. पायाचं बोट काचेनं चिरलेलं, तिकडं लक्षच दिलं नाही.

नवव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. जवळच्या दवाखान्यात व्हायरल म्हणून तीन दिवस गोळ्या दिल्या. पण पोटऱ्या अशा ठणकायच्या की जिना बसून उतरायला लागला. डोळे लालभडक. चौथ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी, तीही घोटभर. मुलानं गाडीत घातलं आणि थेट मिरज गाठली.

रात्री साडेअकराला कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी पोटरी दाबली, मी ओरडलो. लगेच विचारलं, "काका, नदीत पोहायला जाता काय?" चार दिवसांत हा प्रश्न कुणी केला नव्हता. मी या हॉस्पिटलला पाचपैकी साडेचार देतोय ते सगळ्यात आधी या प्रश्नासाठी. रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू केलं. किडनी बिघडली की वाढणारं क्रिएटिनिन 6.4, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट 41 हजारांवर घसरलेल्या, वर कावीळ. लेप्टोची आयजीएम टेस्ट दुसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह आली.

किडनीच्या डॉक्टरांनी बायकोला बाजूला नेलं नाही, माझ्यासमोरच सांगितलं. उंदराच्या मुतातले जंतू पाण्यात, चिखलात राहतात. चिरलेल्या कातडीतून, डोळ्यानाकातून आत शिरतात. या आजारात बंद पडलेली किडनी बहुतेकदा परत चालू होते, तोवर मशीन लावू म्हणाले. चार वेळा डायलिसिस झालं. रात्रपाळीच्या सिस्टर लघवीची पिशवी मोजून मला आकडा सांगायच्या. आज दोनशे. आज साडेचारशे. ज्या पहाटे "काका, दीड लिटर" म्हणाल्या, तेव्हा मी आणि बायको दोघंही रडलो.

अर्धा गुण कापला तो नातेवाइकांच्या हालांसाठी. आयसीयूबाहेर चारच खुर्च्या, बायको दोन रात्री फरशीवर झोपली. डिस्चार्जच्या दिवशी विम्याच्या कागदांत सहा तास गेले. हे सुधारायलाच पाहिजे.

नदीत पोहणाऱ्यांनो, पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. "नदीत पोहतो" हे पहिल्या वाक्यात सांगा. अंगावर जखम असेल तर पाण्यात उतरूच नका.

परवा तपासणीला गेलो. क्रिएटिनिन 1.1. त्याच मॅडम जिन्यात भेटल्या. फाइल हातात घ्यायच्या आधी त्यांनी मला चप्पल काढायला लावली आणि बोट बघितलं.